365 दिवस उघडं दुकान: वायसरला पूर्ण गुण, भिंतीवरच्या कागदाला नाही

आधी वायसरचं सांगते, कारण परीक्षण वाचणाऱ्याला तेच हवं असतं. वायसर उत्तम निघाला. बसवल्यापासून नळाचा एक थेंब गळलेला नाही. दुकानात माल भरपूर, मांडणी समजेल अशी, आणि नळांच्या विभागात खरोखर जाणकार माणूस. एवढंच हवं असेल तर चार तारे समजा आणि पुढे जा.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी जे पाहिलं ते त्या एकाच दुकानात असेल असं मला वाटत नाही, आणि तिथल्या एका मुलाला माझ्यामुळे बोलणी बसायला नकोत. घरगुती वस्तूंचं हे मोठं दुकान आहे. खिळ्यापासून पडद्यापर्यंत सगळं मिळतं, आणि दारावर माणसाहून उंच अक्षरांत लिहिलंय: ‘वर्षाचे 365 दिवस तुमच्या सेवेत’. लीप वर्षातल्या जादा दिवशी काय करतात, हे विचारायचं राहिलं.

पहिली खेप अशी. वर्षातल्या एका मोठ्या सुट्टीची सकाळ. मोरीतला नळ बंद करायला गेले तर मूठ गरागरा फिरली आणि पाणी सुरूच. खालचा कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे गंजून बसलेला. शेवटी इमारतीची मुख्य चावी बंद केली. माझ्यापायी वरच्या-खालच्या सगळ्यांचं पाणी गेलं. प्लंबरचा फोन बंद होता. त्याचा राग आला नाही, उलट जरा हेवाच वाटला. पाना घेऊन स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा फिरणारा दांडा, काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दुकान उघडायच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिले.

नळांच्या विभागात तिशीचा एक मुलगा होता. त्याने साइज विचारली नाही. स्पिंडल तळहातावर घेतलं, अंगठ्याच्या नखाने खाचेतला जुन्या रबराचा चिखल खरवडून काढला, खण ओढला आणि एकामागून एक तीन वायसर लावून पाहिले. पहिला सैल, दुसरा काठावर वर आलेला. तिसरा बसला तेव्हा त्याने तो अंगठ्याने दाबून थोडा पिळला आणि उजेडाकडे धरून फट दिसते का ते बघितलं. मग म्हणाला, “काकू, हा बसला. पण स्पिंडलचे आटे झिजलेत, कधीतरी बदलावं लागेल. आज नको, आज चालेल. वायसर मात्र दोन घेऊन ठेवा.” महागातली वस्तू विकायची संधी सोडून स्वस्तातली विकणारा माणूस मला दुकानांत फारसा भेटलेला नाही. तासाभरात इमारतीला पाणी आलं. त्या दिवशी परीक्षण लिहिलं असतं तर पाचही तारे दिले असते, आणि वर ‘सुट्टीच्या दिवशीही तत्पर सेवा!’ असं उद्गारचिन्हासकट लिहिलं असतं.

दुसरी खेप काही आठवड्यांनी, पुढच्या सुट्टीला. या वेळी काहीही अडलेलं नव्हतं. दिव्याची एक शेड आणली होती, ती भिंतीच्या रंगाशी जुळत नव्हती, आणि सुट्टी असल्यामुळे वेळ होता. म्हणून गेले. माझ्यासारखेच शेकडो लोक आले होते. बिलाच्या आठ खिडक्यांपैकी दोनच उघड्या होत्या. बाकीच्यांना ‘स्वतः बिल करा’ अशा यंत्रांकडे पिटाळत होते. यंत्रं सहा आणि त्यांच्यावर एकच मुलगी. दर तिसऱ्या वस्तूला एखादं यंत्र लाल दिवा लावून अडून बसायचं की ही धावत जाऊन गळ्यातलं कार्ड टेकवायची. माणसं कमी करण्यासाठी आणलेल्या यंत्रांनी तिला एकटीलाच सहा माणसांइतकं पळवलं.

वस्तू परत घेण्याची खिडकी मागच्या कोपऱ्यात आहे. तिथे मी चाळीस मिनिटं उभी होते. शेजारी कर्मचाऱ्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि दारातून दिसणाऱ्या भिंतीवर महिन्याचं ड्यूटीपत्रक लावलेलं होतं.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मी निवृत्त परिचारिका आहे. तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून. दुसऱ्यांची ड्यूटी लिस्ट वाचणं ही माझी वाईट खोड आहे. रेल्वे स्टेशन असो की बँक, भिंतीवर नावं आणि तारखा दिसल्या की माझे पाय थांबतात. पाच मिनिटांत मला कळतं की इथे साहेबांचं लाडकं कोण, नवीन कोण आणि भांडू न शकणारं कोण.

त्या कागदावर डावीकडे चौदा नावं होती आणि वर तारखा, सुट्टीच्या तारखांभोवती लाल गोल. त्या महिन्यात तीन गोल होते. तिन्ही गोलांखाली हजेरीच्या खुणा बहुतेक त्याच चार नावांपुढे. त्यातलं एक नाव मी वायसरवाल्या मुलाच्या छातीवरच्या पट्टीवर वाचलेलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या चौघांना बदली सुट्टी लावलेली दिसत होती, पण कागद पेन्सिलीने लिहिलेला होता. चारांपैकी तिघांच्या बदली सुट्टीच्या चौकोनात खोडरबराचा करडा डाग होता आणि डागावर नवी खूण, पुन्हा हजेरीची. म्हणजे सुट्टीच्या दिवशी कामाला यायचं, त्याबदल्यात मंगळवार मिळणार असं ऐकायचं, आणि सोमवारी संध्याकाळी तो मंगळवारही खोडलेला पाहायचा. पेन्सिलीने ड्यूटी लिस्ट लिहिणाऱ्या इनचार्जवर माझा विश्वास नाही. हे मी अनुभवाने सांगते, कारण पहिली चार वर्षं मीही पेन्सिलच वापरत होते.

दवाखाना बंद ठेवता येत नाही, हे सांगायला नको. अग्निशमन, वीज, पाणी, रेल्वे यांचंही तसंच. पण ‘उघडं ठेवावंच लागतं’ या वाक्याच्या आड माझ्यासारख्या माणसाला बरंच काही दडवता येतं. माझ्या वॉर्डात एक तरुण सिस्टर होती. लग्न झालेलं नाही, वसतिगृहात एकटी राहायची. मोठी सुट्टी आली की मी तिचं नाव लिहायचे. बाकीच्यांना मुलं होती, सासरची माणसं होती, पाहुणे होते. हिला काय! एकदा मी तोंडावर म्हणालेही होते, “तुझी कोण वाट बघतंय घरी?” ती हसली होती. चार वर्षं असं चाललं. पाचव्या वर्षी तिने बदलीचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वैयक्तिक’. निरोपाच्या दिवशी तिने मला एक छोटी वही दाखवली. चार वर्षांतल्या सगळ्या मोठ्या सुट्ट्या तारखेनिशी मांडलेल्या, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी वॉर्डात कोण कोण रुग्ण होते त्यांच्या खाटांचे नंबर. तक्रार अशी केलीच नाही. म्हणाली, “सिस्टर, मी नाही म्हणाले नाही, कारण तुम्ही विचारलंच नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं.”

त्यानंतर मी पेन घेतलं. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या मोठ्या सुट्ट्या एका वहीत लिहायच्या. प्रत्येकीने तिला हवा असलेला एक दिवस आणि चालेल असा एक दिवस स्वतःच्या हाताने मांडायचा. एकाच दिवसावर दोघींचा डोळा असेल तर गेल्या वर्षी जिने तो दिवस ड्यूटीत काढला तिला आधी मोकळं करायचं, तरीही सुटलं नाही तर चिठ्ठ्या. वही नर्सिंग टेबलावर उघडी ठेवायची, कुणीही चाळावी. यातून एक गोष्ट कळली जी मला स्वतःहून कधी सुचली नसती. सगळ्यांना एकच सुट्टी नको होती. वेगवेगळ्या धर्मांच्या मुलींनी आपसांत देवाणघेवाण करून ठेवली, तुझ्या दिवशी मी आणि माझ्या दिवशी तू. एकीला सुट्टीच्या दिवशी घरी थांबणं नकोच होतं, तिला ड्यूटी म्हणजे सुटका होती. भांडणं पुढेही झाली, पण आता ती वहीवरून व्हायची, माझ्या तोंडावरून नाही.

शेडचे पैसे परत मिळाले आणि मी नळांच्या विभागाकडे वळले. तोच मुलगा होता. म्हटलं, “आजही तूच?” म्हणाला, “मला चालतं काकू.” मी गप्प राहिले. वॉर्डात शिकलेली युक्ती आहे, गप्प राहिलं की माणूस पुढचं बोलतो. जरा वेळाने तो म्हणाला, “माझं घर लांब आहे. जायलाच दीड दिवस लागतो. एका दिवसाच्या सुट्टीत मी पोचतच नाही, मग खोलीवर पडून काय करू? सुट्टीचे जादा पैसे मिळतात, ते बरं. पण या सगळ्या सुट्ट्या साठवून मला वर्षातून एकदा आठ दिवस सलग द्या ना! ते कुणी विचारत नाही.”

मला हे वाक्य त्या सगळ्या दुकानातली सगळ्यात मोलाची चीज वाटलं. सुट्टीला दुकान उघडं ठेवणं पाप आहे, असं म्हणणारे लोक त्याच्या वतीने बोलतात. आम्ही जादा पैसे देतो ना, असं म्हणणारे मालकही त्याच्याच वतीने बोलतात. त्याचं म्हणणं दोघांच्याही हिशोबात नाही.

नोकरीत असताना संघटनेच्या कामासाठी मला हे कायदे वाचावे लागले होते, म्हणून थोडं सांगते. कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदाला उडी मारा. आठवड्याची सुट्टी आपोआप पडलेली नाही. 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी काढलेल्या सभा, अर्ज आणि सह्यांच्या मोहिमेनंतर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1921 च्या कराराने कारखान्यांसाठी सात दिवसांत सलग 24 तास विश्रांती ठरवली. दुकानं आणि कचेऱ्यांसाठी तसा करार व्हायला 1957 साल उजाडलं. दुकानातला माणूस या बाबतीत 36 वर्षं मागे राहिला. 1921 च्या करारात एक बारीक कलम आहे, ते मला फार आवडतं. ही सुट्टी शक्यतो सगळ्यांना एकाच वेळी द्यावी आणि त्या भागात आधीपासून पाळल्या जाणाऱ्या दिवशी यावी, असं त्यात म्हटलंय.

‘एकाच वेळी’ हे शब्द तिथे का आहेत, ते सोव्हिएत रशियाने उलट करून दाखवलं. 1929 साली तिथे पाच दिवसांचा आठवडा आणला. कामगारांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक रंग, चार दिवस काम आणि पाचव्या दिवशी सुट्टी. कारखाना एकही दिवस बंद नाही. कागदावर सुट्ट्या वाढल्या होत्या, सातव्याऐवजी पाचव्या दिवशी! पण नवऱ्याचा रंग एक आणि बायकोचा दुसरा, मित्रांचे आणखी निराळे. सुट्टी आहे आणि भेटायला कुणी नाही. 1931 मध्ये ती पद्धत मोडून सगळ्यांना एकच सुट्टी असलेला सहा दिवसांचा आठवडा आणला आणि 1940 मध्ये पुन्हा सात दिवसांवर आणि रविवारवर आले. मला हे कळायला रशियापर्यंत जावं लागलं नाही. माझी सुट्टी बुधवारी असायची आणि मुलगा बुधवारी शाळेत असायचा. मी दिवसभर घरात एकटी कपाटं आवरायचे. म्हणून बदली सुट्टी दिली की हिशोब चुकता झाला, असं कुणी म्हणालं की मला ते अर्धंच पटतं. तास परत मिळतात, माणसं नाही.

जर्मनीने हा विषय राज्यघटनेतच घालून ठेवलाय. 1919 च्या, म्हणजे आधीच्या, वायमार घटनेतलं रविवार आणि सुट्ट्यांना संरक्षण देणारं कलम 1949 च्या घटनेने जसंच्या तसं उचललं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले तेव्हा प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि डिसेंबर 2009 मध्ये न्यायालयाने ती सवलत रद्द केली. निकालातलं म्हणणं असं की दुकानदाराचा निव्वळ आर्थिक फायदा आणि गिऱ्हाइकाची रोजची खरेदीची इच्छा, ही सुट्टी मोडायला पुरेशी कारणं नाहीत. ते वाचताना मला माझी दिव्याची शेड आठवली. आणि याच जर्मनीत औषधांची दुकानं आळीपाळीने रात्री आणि सुट्टीच्या दिवशी उघडी असतात. आज पाळी कुणाची, हे बंद असलेल्या दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. ताप आलेल्याला औषध मिळतं आणि बाकीचे औषधवाले घरी झोपतात. नळाच्या वायसरसाठी असं काही का असू नये? सगळी दुकानं उघडी किंवा सगळी बंद, यांच्या मधे पाळी नावाची चांगली सोय आहे. पण ‘365 दिवस’ अशी पाटी एकाने लावली की समोरच्यालाही लावावी लागते, मग पाळी कोण लावणार?

नुसत्या बंदीने काय होतं, तेही पोलंडमध्ये दिसलं. 2018 पासून तिथे रविवारच्या विक्रीवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. मालक स्वतः गल्ल्यावर बसला तर चालेल अशी सूट होती, ती मला रास्त वाटते. पण टपाल सेवेलाही सूट होती. त्याबरोबर अनेक दुकानं पार्सलं देणारी-घेणारी टपाल केंद्रं झाली! 2022 मध्ये कायदा घट्ट करावा लागला. या युक्तीला मी मनातल्या मनात दाद दिली होती. दवाखान्याच्या प्रशासनातही अशी डोकी होती.

बाहेर पडताना व्यवस्थापकांना भेटले. माणूस सभ्य. दमलेला. स्वतःही सुट्टीच्या दिवशी कामावर होता, हे त्याच्या बाजूने नोंदवते. कागदाचं विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे सक्ती अजिबात नाही. विचारूनच लावतो. आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही.” माझ्या अंगावर काटा आला. हे वाक्य मी मेट्रनला, म्हणजे दवाखान्यातल्या आम्हा परिचारिकांच्या प्रमुखाला, सांगितलं होतं, शब्दाला शब्द. मी विचारलं, “एखादा नाही म्हणाला तर काय होईल, हे त्यांना माहीत आहे का?” तो म्हणाला, “काहीच होणार नाही.” मी म्हटलं, “ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना आहे का? कुठे लिहिलंय?” लिहिलेलं कुठेच नव्हतं. इंग्लंडमध्ये दुकानातल्या कामगाराला लेखी नोटीस देऊन रविवारचं काम नाकारता येतं, आणि त्यापायी त्याला कामावरून काढता येत नाही. फक्त रविवारसाठीच नेमलेल्यांना मात्र हा हक्क नाही. म्हणजे कायदाही भोकाचाच, पण निदान ‘नाही’ म्हणण्याची एक ठरलेली रीत तरी आहे. तोंडी विचारणं म्हणजे काय असतं? ज्याच्या हातात पगारवाढ आहे तो हसून विचारतो आणि ज्याला पगारवाढ हवी आहे तो हसून हो म्हणतो.

कागदावर चौदा नावं होती, पण दुकानात त्याहून जास्त माणसं होती. दारावरचा रखवालदार त्यात नव्हता. फरशी पुसणाऱ्या बाई नव्हत्या. ते ठेकेदाराचे. रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, “दुकान बंद तर माझी हजेरी बंद. मला उघडंच बरं.” सुट्टीला दुकानं बंद ठेवा, असं म्हणणाऱ्यांनी याचंही ऐकावं. बिनपगारी सुट्टी ही सुट्टी नसते, तो एक दिवसाचा उपास असतो. ‘बंद ठेवा’ असं म्हणायचं तर त्याच दमात ‘आणि भरपगारी’ असंही म्हणावं लागतं. फरशी पुसणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत. मी उभी होते तिथली फरशी पुसायची होती, त्यांनी फक्त हाताने मला बाजूला व्हायची खूण केली.

घरी आल्यावर दुकानाच्या ग्राहक सेवेला पत्र लिहिलं. कुणाचंही नाव घेतलं नाही. चार गोष्टी विचारल्या: सुट्टीची ड्यूटी कोण ठरवतं, नकार कसा द्यायचा, बदली सुट्टी खोडली तर पुढे काय, आणि ठेकेदाराच्या माणसांना सुट्टीचं काय मिळतं. तीन दिवसांनी उत्तर आलं. त्यात ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे दोनदा होतं आणि शेवटी पुढच्या सुट्टीच्या खास सवलतींची जाहिरात.

आता तारे. मालाला चार, एक कापला तो शेडच्या रंगासाठी. डब्यावरचा रंग आणि आतला रंग वेगळा होता. नळ विभागाला पाच, आणि सहा देता आले असते तर सहा. सुट्टीच्या दिवशीच्या बिल व्यवस्थेला एक, त्या यंत्रांवरच्या मुलीच्या पायांकडे बघून. ग्राहक सेवेला शून्य द्यायची सोय नाही म्हणून एक. भिंतीवरच्या कागदाला किती, हे ठरवताना माझा हात अडखळतो, कारण मला माझ्या पहिल्या चार वर्षांनाही तेवढेच तारे द्यावे लागतील. दोन देते.

गिऱ्हाइकाला तारे द्यायची पद्धत असती तर पहिल्या खेपेला मी उत्तीर्ण झाले असते. पाणी वाहत होतं, इमारत अडली होती. दुसऱ्या खेपेला नाही. शेडचं काम कुठल्याही आडदिवशी झालं असतं, मी निवृत्त बाई आहे, माझ्याकडे सगळेच आडदिवस आहेत. मी सुट्टीच्या दिवशी गेले कारण इतकी वर्षं सुट्टीच्या दिवशी कुठे जाता आलं नव्हतं आणि आता जाता येतं याची मजा वाटते. ही मजा मला हवी आहे, हे मी नाकारत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या सुट्टीतून कापून येते, एवढं त्या रांगेत उभं राहिल्यावर दिसलं.

परवा पुन्हा गेले होते, एका साध्या बुधवारी, दुपारी. झिजलेलं स्पिंडल बदलायचं होतं. दुकान रिकामं होतं, बिलाला दोन मिनिटं लागली. कर्मचाऱ्यांच्या खोलीचं दार बंद होतं आणि त्यावर नवी पाटी, ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. मुलाने जुनं स्पिंडल हातात घेतलं, आटे बघितले आणि खणातून नवं काढून दिलं. पिशवीत घालताना मान वर न करता म्हणाला, “काकू, तो कागद आता आतल्या भिंतीला लावलाय. बाहेरून दिसत नाही.”

मी म्हटलं, “बरं.”

“पण पेनाने लिहितात,” तो म्हणाला.